दहाची गोटी कुठंय?

सोयाबीनच्या सुगीत हिंगोली जिल्ह्यातला ट्रॅक्टर मिस्त्री गॅरेजात सापडत नाही. तो कुठल्या तरी धुऱ्यावर असतो. सप्टेंबरच्या शेवटी काढणी सुरू होते, आभाळाचा भरवसा नसतो, ढीग ताडपत्रीखाली झाकून ठेवलेले असतात आणि मळणीयंत्र नेमकं तेव्हाच बंद पडतं. ते ओढून गावात आणायला शेतकऱ्याला सवड नसते. मग मिस्त्रीच मोटारसायकलवर हत्यारं बांधून निघतो. कधी सेनगावकडं, कधी कळमनुरीकडं, कधी थेट वसमतच्या बाजूला. रात्री मोबाइलच्या उजेडात मशीन खोलायचं, दुरुस्त करायचं, चालू करून द्यायचं आणि निघताना काळ्या रानात वाकून शागिर्दाला विचारायचं, "दहाची गोटी कुठंय रं?"

गोटी म्हणजे गोटी पान्याचा तो पोकळ पोलादी तुकडा. एका तोंडात नट किंवा बोल्टचं डोकं बसतं, दुसऱ्या बाजूच्या चौकोनी भोकात रॅचेट किंवा टॉमीचा दांडा. दहाची म्हणजे दहा मिलिमीटरच्या डोक्याला बसणारी. सहा मिलिमीटरच्या बोल्टला बहुधा हेच डोकं असतं आणि असे बोल्ट यंत्राच्या कानाकोपऱ्यात असतात: बॅटरीच्या पट्टीला, पत्र्याच्या झाकणांना, वायरिंगच्या क्लिपांना. ती सारखी हातात येते, लहान असते, म्हणून सगळ्यांत आधी हरवते. इथली जमीन काळी. पावसाचा शिडकावा झालेला असला की चिखलात पडलेली गोटी हातभर अंतरावर असून दिसत नाही. रान वाळून फाटलेलं असलं तर ती भेगेत जाते आणि सापडलीच तर पुढच्या नांगरटीला सापडते.

या जिल्ह्यातल्या मिस्त्र्यांनी आपापल्या हातांनी गोट्यांचे ट्रे केले ते या अडचणीतून. सेनगाव रस्त्यावरच्या एका गॅरेजात असे अनेक प्रकार झाले. काही मोडीत गेले, काही घरी डबे म्हणून गेले, एक टिकला. मालकांना आपलं नाव छापून यायला नको आहे. पोरं त्यांना उस्ताद म्हणतात, इथंही तेवढंच पुरे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. तालुके पाचच आहेत: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. सोयाबीन आणि हळद ही दोन पिकं मिस्त्रीचं वर्ष ठरवतात. सोयाबीनची मळणी संपते न संपते तोच रब्बीच्या पेरणीची गडबड, मग फेब्रुवारीपासून हळदीची काढणी. काढलेली हळद शिजवायची, वाळवायची, ड्रममध्ये घालून पॉलिश करायची. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान गॅरेजातही आहे. पण पॉलिशच्या ड्रमचं बेअरिंग बदलायला जाणाऱ्या मिस्त्रीला हळदीची दुसरीच बाजू दिसते. ती बारीक पिवळी धूळ तेलकट हत्यारावर बसते, गोटीच्या चौकोनी भोकात साचते, आणि रॅचेटचा दांडा पूर्ण आत जात नाही. अर्धवट बसलेला दांडा जोर लावला की निसटतो आणि बोटांची सालटी निघतात. गोट्या कशा ठेवायच्या, हा प्रश्न इथं नीटनेटकेपणाचा कमी आणि हात शाबूत ठेवण्याचा जास्त आहे.

सुटी गोटी आणि वेगळी मूठ ही कल्पना तशी फार जुनी नाही. १९२० साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जोसेफ जॉन्सन आणि विल्यम सायडमन यांनी स्नॅप-ऑन ही कंपनी काढली. तोवर बहुतेक पान्यांत मूठ आणि गोटी एकजीव असायची. जितक्या मापांचे नट तितके अख्खे पाने. जॉन्सनने दहा गोट्या आणि पाच मुठी असा संच केला. कुठलीही गोटी कुठल्याही मुठीवर बसते म्हटल्यावर तेवढ्या सामानात पन्नास पान्यांचं काम होऊ लागलं. मिस्त्रीचं ओझं उतरलं. पण त्याच दिवशी हरवण्याजोगे तुकडेही वाढले. अख्खा पाना हरवायला कष्ट पडतात, गोटी खिशातूनसुद्धा पडते.

उस्तादांकडचा पहिला संच पत्र्याच्या पेटीत आला होता. अशा पेटीत प्रत्येक गोटीसाठी साच्यात ठोकलेला खण असतो. पेटी नवी असेपर्यंत सगळं जागच्या जागी बसतं. मग एक गोटी हरवते, एक फुटते आणि बदली गोटी बाजारातून सुटी आणावी लागते. नाशिकच्या सातपूरला टपारियाचा कारखाना आहे, पंजाबात जालंधर आणि लुधियाना हाताच्या हत्यारांसाठी देशभर ओळखले जातात. दुकानात त्या दिवशी जे असेल ते मिस्त्री घेतो. सतराची गोटी कुणाचीही असो, तिचं तोंड सतराच्याच बोल्टला बसतं. बाहेरची जाडी मात्र कारखान्यागणिक वेगळी. एकीची भिंत जाड, दुसरीची पातळ, तिसरी बोटभर लांब. नवी गोटी जुन्या खणात बसत नाही. मग ती पेटीत सुटी टाकली जाते, तिच्या मागोमाग दुसरी, आणि थोड्याच दिवसांत पेटी म्हणजे गोट्यांचा खुळखुळणारा ढीग होतो. महागड्या कंपनीचे फोमचे तयार ट्रे सुरेख असतात, पण ते त्या कंपनीच्या त्या संचासाठी कापलेले असतात. तालुक्याच्या गॅरेजात अख्खा संच एकाच कंपनीचा उरत नाही.

त्यात ट्रॅक्टरांची भर. १९६३ साली महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून ट्रॅक्टरच्या धंद्यात पाऊल टाकलं. मॅसी फर्ग्युसनची जुनी मॉडेलं इंग्लंडच्या आराखड्यांवरची. त्या पिढीच्या ट्रॅक्टरांना इंची बोल्ट असतात आणि त्यांतले कित्येक अजून रानात चालतात. इंचाचे आठ भाग म्हणजे आठ सूत, हा हिशेब प्रत्येक शागिर्दाला पहिल्याच महिन्यात पाठ करावा लागतो. सहा सूत म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथं एकोणिसाची गोटी बेलाशक चालते. पाच सूत म्हणजे पावणेसोळाच्या जरा पुढं, तिथं सोळाची बसते. घोळ होतो तो साडेचार सुताचा. ते १४.२९ मिलिमीटर भरतं. चौदाची गोटी चढत नाही, पंधराची सैल बसते आणि गंजलेल्या बोल्टवर फिरली की त्याचे कोन गोल करून ठेवते. कोन गेलेला बोल्ट काढायला छिन्नी-हातोडी नाहीतर वेल्डिंग, म्हणजे दहा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस. साडेचार सुताची गोटी पंधराच्या शेजारी ओळख न पटता पडलेली असणं परवडत नाही, ते यामुळं.

पहिला घरगुती ट्रे खाद्यतेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा झाला. डबा आडवा कापायचा, धार लागू नये म्हणून शेव दुमडायची, आत पत्र्याच्याच आडव्या पट्ट्या लावून खण पाडायचे. फुकटात होतो. पण खणात चार गोट्या असतात की पाच, हे दुरून कळत नाही आणि मोटारसायकल खड्ड्यात आदळली की खणांची सरमिसळ होते. मग कापडी गुंडाळी आली. जुन्या ताडपत्रीवर शिंप्याकडून कप्पे शिवून घेतले. वाहायला तिच्यासारखी सोय नाही. गुंडाळली, नाडी बांधली, निघाले. पाने आणि पेचकस यांच्यासाठी ती अजून वापरात आहे. गोट्यांसाठी मात्र निकामी ठरली, कारण कप्प्यात गेलेली गोटी दिसतच नाही. रिकामा कप्पा आणि भरलेला कप्पा अंधारात सारखेच. शिवाय ताडपत्री तेल पिते आणि त्या तेलावर माती धरते.

लाकडाच्या ठोकळ्यावर उस्तादांचा जीव होता. त्यांचे मामा सुतार. बाभळीचा एक जुना तुकडा त्यांच्याकडून रंधून आणला आणि त्यात गोटीच्या बाहेरच्या व्यासापेक्षा मिलिमीटरभर मोठी भोकं पाडली. उन्हाळाभर ठोकळा दृष्ट लागण्यासारखा चालला. जूनमध्ये लाकूड फुगलं. भोकं आवळली, गोट्या अडकल्या, काढायला पक्कड लागू लागली. जवसाचं तेल आधी चांगलं मुरवलं असतं तर फुगणं कमी झालं असतं, असं मामांनी सांगितलं आणि ते खरंही आहे. पण दुसरी अडचण तेलानं सुटणारी नव्हती. हरवलेल्या गोटीच्या जागी दुसऱ्या कंपनीची जाड गोटी आली की भोक परत मोठं करा. लाकडात पाडलेलं भोक लहान करता येत नाही.

फोमची कल्पना वाळूजहून आली. गॅरेजातला एक मुलगा आयटीआय करून वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार होता. तिथं त्यानं दोन रंगांच्या फोमचे ट्रे पाहिले: वरचा थर काळा, खालचा पिवळा. वरच्या थरात हत्याराच्या आकाराचा खळगा कापलेला. हत्यार जागेवर नसलं की पिवळा आकार लांबून डोळ्यांत भरतो. टोयोटाच्या कारखान्यांतून जगभर गेलेल्या '५ एस' पद्धतीतली ही शिस्त. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके या पाच जपानी शब्दांवरून तिचं नाव पडलं. त्यातलं सेइतोन म्हणजे प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा. मुलगा परत आला तेव्हा ही एक गोष्ट घेऊन आला आणि गॅरेजातल्या सगळ्यांचं बघणंच तिनं बदललं. तोवर ट्रे म्हणजे गोट्या ठेवायची जागा होती. आता कळलं की ट्रेचं खरं काम गोट्या मोजण्याचं आहे. कुठली आहे हे त्यानं सांगायची गरज नाही, कुठली नाही ते ओरडून सांगितलं पाहिजे.

फोम मात्र गॅरेजात टिकला नाही. थर्माकोल कापून केलेला पहिला नमुना पेट्रोलचा हात लागताच विरघळला; पेट्रोलमध्ये थर्माकोलचं असंच होतं. चपलांच्या तळव्यासाठी वापरतात त्या जाड फोमला पेट्रोल तितकं लागत नाही, त्याचा ट्रे बरा झाला. पण मशीनच्या गरम भागावर ठेवलेली गोटी परत खळग्यात ठेवली की कडा वितळायच्या, हळदीची धूळ खळग्यात घट्ट बसायची, आणि गोटी बदलली की खळगा बदलणं इथंही आलंच.

तिढा सुटला तो गोटी उलटी धरल्यावर. गोटीचं बाहेरचं अंग कारखान्यागणिक वेगळं असेल, पण रॅचेट बसतं ते चौकोनी भोक जगभर एकाच मापाचं असतं. अर्धा इंची संचात ते १२.७ मिलिमीटर. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ११७४. नाशिकची गोटी जालंधरच्या रॅचेटवर चालते ती या चौकोनामुळं. मग गोटी भोकात ठेवण्याऐवजी तिच्या भोकात खुंटी घातली तर? गोटी जाड असो, पातळ असो, लांब असो, खुंटी तीच चालेल. उस्तादांना ही गोष्ट खिडकीचे गज बसवणाऱ्या फॅब्रिकेशनच्या दुकानात उलगडली. ग्रिलला लागणारी बारा मिलिमीटरची चौकोनी सळई तिथं पडलेली होती. खिशातली गोटी त्यांनी तिच्यावर चढवून पाहिली. बसली.

पहिल्या पट्टीला चौकोनी सळईचेच तुकडे वेल्ड केले. ते दिसायला देखणं, पण त्यात दोन खोड्या आहेत. गरम लाटून काढलेल्या सळईचं माप सगळीकडं सारखं नसतं. एखादा तुकडा अडतो आणि त्याचे कोन कानशीनं मारावे लागतात. दुसरं, एका बाजूनं सलग वेल्डिंग करत गेलं की पट्टी वाकते. ज्याला वेल्डिंगच करायचं आहे त्यानं पट्टी जाड चॅनेलला आवळून धरावी, एक टाका या टोकाला, एक त्या टोकाला असा मारत जावं आणि पूर्ण निवेपर्यंत सोडू नये.

टिकलेला ट्रे वेल्डिंगशिवायचा आहे. तो कसा केला ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण त्यातलं बहुतेक सामान कुठल्याही गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेलं असतं.

चाळीस मिलिमीटर रुंद आणि पाच मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी घ्यायची. आधी सगळ्या गोट्या जमिनीवर मापाच्या क्रमानं मांडायच्या आणि प्रत्येकीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरनं घ्यायचा. दोन खुंट्यांमधलं अंतर म्हणजे दोन्ही गोट्यांचे अर्धे-अर्धे व्यास अधिक बोटांसाठी आठ मिलिमीटर. सतराची गोटी बाहेरून २४ मिलिमीटर आणि तिच्या शेजारची २६ असेल तर बारा, तेरा आणि आठ मिळून ३३ मिलिमीटर. बोटांची जागा कंजूषपणे धरली तर थंडीत सुन्न झालेल्या हातानं गोटी निघत नाही, त्यामुळं आठच्या खाली जाऊ नये. पुढंमागं जाड गोटी येण्याची शक्यता वाटत असेल तर दहा धरावेत. दहापासून एकोणिसापर्यंतच्या गोट्या फूटभराहून थोड्या मोठ्या पट्टीवर मावतात. वीसच्या पुढच्या, बत्तीसपर्यंतच्या, दुसऱ्या पट्टीवर.

खुणा झाल्या की सेंटर पंच मारून साडेदहा मिलिमीटरची भोकं पाडायची. प्रत्येक भोकात खालून दहा मिलिमीटर जाडीचा, तीस मिलिमीटर लांबीचा बोल्ट घालायचा आणि वरून नट आवळायचा. पट्टीचे पाच मिलिमीटर गेले, नटाचे आठ, वर सतरा उरले. गोटीच्या भोकात शिरायला तेवढी उंची पुरते आणि गोटी नटाच्या माथ्यावर सपाट टेकते. आता बोल्ट दहाचा आणि भोक १२.७ चं, म्हणजे गोटी डुगडुगणार. त्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून बोल्टभोवती एक वेढा द्यायचा आणि रबरी सोल्युशननं चिकटवायची. ट्यूबचं रबर साधारण मिलिमीटरभर जाड. दोन्ही बाजूंनी मिळून बोल्ट बाराचा होतो. गोटी हलकासा अडसर घेत बसते. ट्रे उलटा केला तरी पडत नाही, आणि ओढली की एका हातानं निघते. ट्यूब सैल पडली की दुसरी लावायची, पाच मिनिटांचं काम.

खाली बोल्टची डोकी येतात, म्हणून पट्टीच्या दोन्ही टोकांना लाकडाच्या दहा मिलिमीटरच्या चिपा देऊन ती फळीवर स्क्रूनं बसवली. फळीला चारी बाजूंनी पत्र्याची कड आणि वर उचलायला दरवाजाचं जुनं हँडल.

आकड्यांवर सगळ्यांत जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. गोटी खुंटीवर बसली की तिच्या अंगावरचा आकडा नेहमी समोर येतोच असं नाही. रंगानं लिहिलेले आकडे डिझेलनं पुसले जातात. म्हणून नंबर पंचानं प्रत्येक खुंटीसमोर आकडा ठोकला. ठोकलेल्या आकड्यावर पांढरा ऑइल पेंट भरायचा आणि तो ओला असतानाच वरून कोरडं फडकं फिरवायचं. वरचा रंग पुसला जातो, खाचेतला राहतो. असा आकडा उजेडात वाचता येतो आणि अंधारात बोटाला लागतो. पट्टीचा नटाभोवतीचा भाग लाल रंगवला, बाकीची पट्टी राखाडी. गोटी जागेवर असली की लाल झाकलेलं असतं, नसली की लाल उघडं पडतं. इंची गोट्यांची तिसरी पट्टी आहे, तिचा रंग पिवळा ठेवला. साडेचार सूत त्या दिवसापासून पंधराच्या शेजारी पडलेलं नाही.

गोट्या कुठल्या क्रमानं लावाव्यात, यावर गॅरेजात खूप वाद झाला. वाळूजहून आलेल्या मुलाचं म्हणणं, जास्त लागणाऱ्या गोट्या हँडलजवळ असाव्यात: दहा, तेरा, सतरा, एकोणीस. उस्तादांनी ते मानलं नाही. चौदाची गोटी ढिली वाटली तर हात आपोआप उजवीकडच्या नव्हे, डावीकडच्या तेराकडं गेला पाहिजे आणि घट्ट वाटली तर पंधराकडं. आकड्यांचा क्रम मोडला की हा अंदाज मोडतो. उस्तादांचं खरं होतं. शेवटी क्रम तसाच ठेवून जास्त लागणाऱ्या मापांच्या दोन-दोन गोट्या बसवल्या.

चुंबकाचा मोह मात्र सगळ्यांनाच झाला होता. जुन्या स्पीकरचं गोल चुंबक पट्टीखाली चिकटवलं तर ट्यूबचीही गरज नाही. पण चुंबकावर राहिलेली गोटी स्वतः थोडी चुंबक बनते, लोखंडाचा बारीक कीस तिच्या तोंडात धरून राहतो आणि इंजिनाच्या आत काम करताना तो कीस बेअरिंगपर्यंत पोचतो. म्हणून चुंबकाची वाटी फक्त खोललेले नट क्षणभर ठेवायला. खोललेल्या सामानासाठी गॅरेजात आणखी दोन सोयी आहेत. एक, घरातून निवृत्त झालेला मिसळणाचा डबा. त्याच्या वाट्यांत खोलण्याच्या क्रमानं नट आणि वायसर जातात. दुसरी म्हणजे पुठ्ठा. टायमिंग कव्हर काढायचं असेल तर त्याचा आकार पुठ्ठ्यावर काढायचा, बोल्टच्या जागी भोकं पाडायची आणि जो बोल्ट जिथून निघाला तो तिथंच खुपसायचा. लांब बोल्ट आखूड बोल्टच्या जागी आवळला तर आतलं बीड फुटतं. पुठ्ठा ते होऊ देत नाही.

ट्रेवर एक खुंटी अशी आहे जिच्यावर गोटी बसत नाही. तिच्यावर दुरुस्तीला आलेल्या ट्रॅक्टरची चावी टांगतात. लाल कुठंच दिसत नाही, तेव्हाच चावी उचलायची. हा नियम उस्तादांनी घातला आणि तो स्वतःलाही लावला. मळणीयंत्र ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, म्हणजे पीटीओवर, चालतं, त्या शाफ्टचा प्रमाणित वेग मिनिटाला ५४० फेरे. यंत्राच्या कठड्यावर विसरलेली गोटी पट्ट्यात किंवा ड्रममध्ये गेली तर ती कुठून, किती जोरात बाहेर येईल, सांगता येत नाही. तोंडाशी सोयाबीन लोटायला माणसं उभी असतात, आणि पुष्कळदा त्या बायाच असतात.

एका सुगीत कळमनुरी तालुक्यातल्या शेतात बेअरिंग बदलून झालं, पट्टा चढवला, शेतकरी ट्रॅक्टरवर बसायला निघाला आणि पोरगं म्हणालं, "थांबा दादा, चौदाचं लाल दिसायलंय." पाऊस अंगावर आला होता, मजूर खोळंबले होते. शेतकरी कावला. "गोटी उद्या बघा की, माल भिजायलाय माझा." उस्तादांनी चावी दिली नाही. दोघं बॅटरी घेऊन यंत्राभोवती फिरले. गोटी ड्रमच्या वरच्या आडव्या पट्टीवर उभी होती. यंत्र हादरलं असतं तर ती थेट आत पडली असती. ती हातात घेऊन दाखवल्यावर शेतकरी काही बोलला नाही. मळणी पहाटेपर्यंत चालली. पुढच्या वर्षी त्यानं स्वतःच्या घरच्या पान्यांसाठी तसाच ट्रे मागून नेला.

मोठ्या जगातही ही मोजणी चुकते. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसला क्वांटासच्या एका ए३८० विमानाच्या इंजिनाची तपासणी झाली आणि सव्वा मीटर लांबीचं नायलॉनचं एक हत्यार आतच राहिलं. विमानानं त्यानंतर ३४ उड्डाणं केली, जवळपास तीनशे तास ते हवेत होतं. हत्यार सापडलं ते १ जानेवारी २०२४ रोजी. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेच्या चौकशीत निघालेली गोष्ट सेनगाव रस्त्यावरच्या गॅरेजात नीट समजते: हरवलेल्या हत्याराचा शोध घेण्याची पद्धत लिहून ठेवलेली होती, पण विमान सोडण्याआधी ती सुरूच झाली नाही. तिथं उणीव ट्रेची नव्हती. लाल दिसल्यावर चावी रोखून धरणारा माणूस कमी पडला. ट्रे फक्त निम्मं काम करतो.

आता या जिल्ह्यातल्या आयटीआयच्या निदेशकांना एक विनंती. १९५० पासून चालत आलेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेत फिटर असो की डिझेल मेकॅनिक, प्रत्येक मुलगा आधी खुणा करणं, हेक्सॉनं कापणं, कानस चालवणं, भोक पाडणं शिकतो. त्या सरावाचे लोखंडी तुकडे वर्षाच्या शेवटी भंगारात जातात. त्यांच्याऐवजी प्रत्येकाकडून गोट्यांची एक पट्टी करून घ्यावी. व्हर्नियरनं मोजणं, अंतराचा हिशेब, सेंटर पंच, ड्रिल, कानस आणि नंबर पंच, सगळं त्या एका कामात येतं आणि मुलगा शिकून बाहेर पडतो तेव्हा स्वतःच्या हातची वस्तू घेऊन पडतो. पुढं तो वाळूजला जावो की सेनगावला गॅरेज टाको, ती त्याच्या कामी येईल. लागणारी पट्टी, बोल्ट आणि पंच आयटीआयच्या कार्यशाळेत आधीच आहेत. सायकलची जुनी ट्यूब तेवढी पोरांना घरून आणायला सांगावी.